हाताने घडवलेला युद्धकालीन डायोरामा: टस्कनीतले गॅरेज, एक जीप आणि १९४४ चा उन्हाळा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घरी दिवाणखान्यात काचेच्या पेटीत एक डायोरामा, म्हणजे लहान मापातला देखावा आहे. इटलीतल्या टस्कनी भागातल्या रस्त्याकडेचे पडझड झालेले गॅरेज, दारात भारतीय तुकडीची विलीज जीप, आत चाके काढून ठेवलेली एक छोटी फियाट. तयार किट न वापरता सगळे पत्र्या-कागदातून, प्लास्टिकच्या पट्ट्यांतून आणि प्लास्टरमधून घडवले आहे. पाहायला येणारे बहुतेक जण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकदा सविस्तर लिहून काढली.

हाच प्रसंग का निवडलात? जर्मन रणगाडे वगैरे का नाही?

कारण इटलीत आपली माणसे लढली आणि आपल्याच घरांत ते फारसे कुणाला ठाऊक नाही. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय पायदळ डिव्हिजन तिथे होत्या. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी (शौर्यासाठीचे सर्वोच्च ब्रिटिश पदक) ६ भारतीय सैन्यातल्या जवानांना मिळाले आणि त्या सहांतले दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, ते आपल्या माणगावकडचे. दुसरे शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. इटलीतल्या मोंतोने गावी २०२३ मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले.

मी मात्र लढाईचा क्षण घेतला नाही. आठवी भारतीय डिव्हिजन १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या दिशेने सरकत होती, तेव्हाची एखादी दुपार घेतली. त्याच भागातल्या मोंतेगुफोनीच्या गढीत फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयातली चित्रे सुरक्षिततेसाठी आणून ठेवली होती, बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’सुद्धा. आपले जवान तिथे पोचले तेव्हा ती चित्रे तिथेच होती. हे वाचल्यापासून तो रस्ता माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

माप कोणते घ्यावे?

१:३५. या मापात सैनिक, हत्यारे, वाहने यांचे सुटे भाग सर्वांत जास्त मिळतात, त्यामुळे पुढे कधी अडलात तर एखादी वस्तू विकत आणता येते. हिशेब सोपा आहे. खऱ्या वस्तूचे मिलिमीटरमधले माप भागिले ३५. विलीज जीप ३.३६ मीटर लांब, म्हणजे मॉडेल ९६ मिमी. रुंदी १.५७ मीटर, म्हणजे ४५ मिमी. पुढच्या-मागच्या आसांतले अंतर ५८ मिमी. साडेपाच फुटी माणूस ४८ मिमी. ली-एनफिल्ड रायफल ३२ मिमी.

हे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून कामाच्या टेबलासमोर लावा. डोळ्याच्या अंदाजाने केलेली खुर्ची, दार, पायरी नेहमी थोडी मोठीच होते, आणि एक वस्तू मोठी झाली की शेजारची सगळी खोटी दिसायला लागतात.

आपल्याकडच्या जीपची मापे घेऊन चालतील का?

अर्धी चालतील. गावाकडे अजून जुन्या महिंद्रा जीप दिसतात आणि मीही फूटपट्टी घेऊन एकीखाली झोपलो होतो. चासी, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), आस कसे बसतात हे त्यातून जेवढे कळते तेवढे फोटोंतून कळत नाही. पण आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारे जुने मॉडेल उंच बोनेटचे आहे. युद्धातल्या जीपचे बोनेट खाली आणि सपाट. पुढच्या जाळीला आपल्याकडे ७ खाचा असतात, युद्धातल्या पत्र्याच्या जाळीला ९. स्टेअरिंग डावीकडे. मागे उघडणारी फळी नाही, सरळ बंद पत्रा आणि त्यावर स्टेपनी. या चार गोष्टी चुकल्या तर जाणकार माणूस लांबूनच ओळखतो.

प्रत्यक्ष लढाऊ वाहने पाहायची असतील तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक दिवस जा. वेल्डिंगचा सांधा कसा दिसतो, रिबीट किती उठून दिसते, ओतीव लोखंडाचा खरखरीतपणा कसा असतो, हे तिथे हाताच्या अंतरावरून कळते. फोटोंसाठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रह ऑनलाइन पाहता येतो आणि भारतीय तुकड्यांचे इटलीतले बरेच फोटो त्यात आहेत.

साहित्य कुठून आणलेत? परदेशातून मागवावे लागते का?

नाही. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना साहित्य विकणाऱ्या दुकानांत अर्धा आणि एक मिलिमीटरचे स्टायरीन शीट (पातळ प्लास्टिकचा पत्रा), सनबोर्ड, फोमबोर्ड मिळते. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास चक्कर मारली तर उरलेलेही सापडते. बाकीचे घरातच असते: थंड पेयाच्या कॅनचा पत्रा, जुन्या चार्जरमधली तांब्याची तार, सोल्डरिंगची तार, टूथपिक, आइस्क्रीमच्या काड्या, चहाची फुटकी गाळणी, नव्या शर्टाच्या खोक्यातली पारदर्शक पट्टी. एम-सील, फेविकॉल, फेविक्विक आणि प्लास्टर ऑफ पॅरिस हार्डवेअरच्या दुकानात.

दोन वस्तूंवर पैसे वाचवू नका: कटरची पाती आणि बारीक पॉलिश पेपर. बोथट पाते स्टायरीन कापत नाही, फाडते.

जीप कुठून सुरू करायची?

चासीपासून. अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीनच्या पट्ट्यांपासून दोन लांब तुळया आणि आडव्या पट्ट्या जोडा, आणि रात्रभर काचेवर वजनाखाली ठेवा. चासी वाकडी राहिली तर चार चाके कधीच एकदम जमिनीला टेकत नाहीत आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. पाट्यांसाठी सव्वा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या, एकाखाली एक, प्रत्येक खालची थोडी आखूड.

बॉडीला स्टायरीन वापरले तरी कडा आतून खरवडून पातळ कराव्या लागतात. खरा पत्रा १:३५ मध्ये कागदाहून पातळ. म्हणून मी मडगार्ड आणि बोनेटच्या कडा कॅनच्या पत्र्याच्या केल्या. तो साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो, कात्रीने कापला जातो आणि ठोकर लागल्यासारखा खराखुरा वाकतो. जाळीच्या नऊ खाचा कोरण्याच्या भानगडीत पडू नका. उभ्या दहा पट्ट्या आखणीवर चिकटवत जा आणि मग चौकट बसवा.

चाकांना सर्वांत जास्त वेळ गेला. टायर २० मिमी व्यासाचा आणि साडेचार मिमी रुंद. स्टायरीनच्या चकत्या एकावर एक चिकटवून मधून स्क्रू घातला, तो ड्रिल मशीनमध्ये पकडला आणि फिरत असताना कानस लावून गोलाई आणली. त्यावर नक्षीचे ठोकळे एकेक करून चिकटवले. असा एकच टायर केला. त्यावरून सिलिकॉनचा साचा घेतला आणि रेझिनचे पाच ओतले, चार चाके आणि स्टेपनी. खाली येणारा टायर जमिनीला टेकतो तिथे किंचित घासून सपाट करा. गाडीला वजन आहे हे त्या एका सपाट जागेवरून कळते.

पुढच्या बंपरवर उभा लोखंडी अँगल दिसतो तो तार तोडण्यासाठी. रस्त्यावर आडव्या ताणलेल्या तारेने चालकाचा गळा कापला जाऊ नये म्हणून तो बसवत. समोरची काच पुढे पाडून जीप चालवायची असेल तर हा अँगल हवाच.

रंग कोणता? खुणा कोणत्या?

अमेरिकी कारखान्यातला ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा. थेट बाटलीतून लावू नका. एवढ्या लहान वस्तूवर तो फार काळपट दिसतो, म्हणून थोडा पिवळसर मातकट रंग मिसळून उजळ करा. आठव्या डिव्हिजनची खूण म्हणजे लाल चौकोनावर क्लोव्हर या रानवनस्पतीची पिवळी पाने. बोनेटवर मित्रराष्ट्रांचा पांढरा तारा, बाजूला पांढरा गाडीक्रमांक. अक्षरे हाताने काढायची तर ट्रिपल झीरो ब्रश आणि संध्याकाळी नाही, सकाळच्या उजेडात.

गॅरेजच्या भिंती खऱ्या दगडाच्या वाटतात. कशा केल्या?

आधी जाडीबद्दल बोलतो, कारण बहुतेक जणांचे तिथेच चुकते. टस्कनीतल्या जुन्या दगडी बांधकामाची भिंत अर्धा मीटर सहज असते. म्हणजे मॉडेलमध्ये १४ मिमी. तीन मिलिमीटरच्या फोमबोर्डची भिंत केली की सगळे घर खोक्यासारखे दिसते, मग वर कितीही चांगला रंग द्या. खिडकीत हात घालून पाहिल्यावर जी खोली जाणवते ती दिसलीच पाहिजे.

मी काचेवर सनबोर्डच्या पट्ट्यांची चौकट करून प्लास्टर ओतले. दार-खिडक्यांच्या जागी आधीच ठोकळे ठेवले. दाराची कमान ७४ मिमी रुंद, म्हणजे खरी अडीच मीटरहून थोडी जास्त, त्यातून ४५ मिमीची जीप आरामात आत जाते. प्लास्टर घट्ट झाले पण अजून ओलसर आहे, अशा वेळी सुईने दगड कोरायचे. तासा-दोन तासांचा तो काळ असतो. पूर्ण वाळले की ठिकऱ्या उडतात. उरलेल्या भिंतीवर ब्रशने पाणी मारून पुन्हा ओलावा आणता येतो.

कोरताना एक सावधगिरी. आपला हात आपोआप सह्याद्रीतल्या वाड्यांचे घडीव काळे दगड काढतो, सरळ थर, मोठे चौकोन. तिकडचा दगड करडा-पिवळसर, लहानमोठा, मधूनमधून विटांचे थर, आणि वर गिलाव्याचे पोपडे. कमान विटांची. जुन्या टस्कन विटा आपल्यापेक्षा पातळ, मॉडेलमध्ये साधारण ८ मिमी लांब आणि दीड मिमी उंच. मी माझी पहिली भिंत पूर्ण झाल्यावर फोटोशेजारी ठेवून पाहिली. ती साताऱ्याची वाटत होती. ती मोडून दुसरी केली आणि त्याचे मला वाईट वाटले नाही.

छपराची कौले विकत आणलीत?

नाही, एकेक केले. टस्कनीत दोन प्रकारची कौले एकत्र येतात. खाली चपटी, कडा उचललेली, आणि दोन चपट्यांच्या सांध्यावर नळीचे अर्धगोल कौल पालथे. आपल्या मंगलोरी कौलांसारखे एकात एक अडकणारे नाही. आपल्या जुन्या नळीच्या कौलांच्या, विदर्भातल्या कवेलूंच्या जवळचे.

नळीच्या कौलासाठी जाड ड्रॉइंग पेपरच्या १३ मिमी लांबीच्या पट्ट्या कापल्या, पाण्यात मिसळलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून विणकामाच्या सुईवर पालथ्या घातल्या आणि वाळल्यावर काढल्या. एक टोक किंचित अरुंद ठेवायचे, नाहीतर एकावर एक बसत नाहीत. चपट्या कौलांना दोन्ही कडा पट्टीने दुमडल्या. छपराचा एकच उतार, २० सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर खोल, १२ ओळी, दर ओळीत वीस चपटी आणि वीस नळीची. ४८० कौले. रोज रात्री जेवणानंतर तीस-चाळीस व्हायची. आई शेजारी बसून सुईवरून कौले काढून द्यायची, तिच्या बोटांना ते माझ्यापेक्षा लवकर जमले.

रंग एकच देऊ नका. विटकरी, गुलाबी, मातकट, पिवळट असे चार रंग वेगवेगळ्या वाट्यांत करून मिसळत लावा. जुन्या छपरावर बदललेले नवे कौल चटकन वेगळे दिसते, अशी पाच-सहा ठेवा.

पडझड कशी दाखवायची?

पडलेली भिंत जमिनीवर कुठेतरी असलीच पाहिजे. भिंतीला मोठे भगदाड आणि खाली मूठभर खडी, हे फार ठिकाणी दिसते. मी भिंतीचा तुटायचा भाग आधी अखंड ओतला, मग तोच हातोडीने फोडला आणि ते सगळे तुकडे खालच्या ढिगात वापरले. हिशेब आपोआप जुळला. ढिगात फक्त दगड नकोत. तुटक्या वाशांचे टोकदार तुकडे, कौलांचे काप, गिलाव्याची पूड, चौकटीसकट पडलेली हिरवी खिडकी, सगळे वरून खाली ज्या क्रमाने पडेल त्या क्रमाने. छप्पर आधी कोसळले असेल तर कौले ढिगाच्या तळाशी.

वाशांसाठी आइस्क्रीमची काडी कापू नका, मोडा. मोडलेल्या लाकडाचे तंतू कापून दाखवता येत नाहीत.

रस्त्यावरची धूळ पांढुरकी का आहे?

कारण तिथली ती तशीच असते. टस्कनीतले कच्चे रस्ते चुनखडीच्या खडीचे, पांढरट. कोकणातली तांबडी माती चाळून टाकलीत तर जीप रत्नागिरीत उभी राहते. मी मुलतानी माती, थोडी पांढरी रांगोळी आणि चिमूटभर राख असे मिश्रण केले. रांगोळीला खडीचा दाणा आहे, मुलतानी मातीला धुळीचा मऊपणा. जमिनीवर पातळ फेविकॉल लावून चहाच्या गाळणीतून भुरभुरवा. जीपवर मात्र चिकटवायचे नाही, मऊ ब्रशने कोरडीच पूड टायरवर, मडगार्डखाली आणि पावलांच्या जागी बसवायची.

तेलाचे डाग, गंज, कडांवरचा उडालेला रंग यांसाठी तैलरंगातला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सांध्यांत सोडा. गंज जपून. १९४४ मध्ये ही जीप जेमतेम एक-दोन वर्षांची होती आणि रोज वापरात होती. तिच्यावर चिखल, धूळ, ओरखडे असतील. सडलेला पत्रा नसेल. सडणे त्या फियाटच्या वाट्याला.

आतली फियाट विटांवर का उभी आहे?

ती फियाट ५००, लोक तिला तोपोलिनो म्हणजे छोटा उंदीर म्हणत. १९३६ पासून निघत होती, ५६९ सीसीचे इंजिन, मॉडेलमध्ये फक्त ९२ मिमी लांब. मी कल्पना अशी केली की गॅरेजवाल्याने चाके काढून गवताखाली लपवली, म्हणजे माघार घेणारे सैन्य गाडी ओढून नेणार नाही. म्हणून कोपऱ्यातल्या गवताच्या भाऱ्यातून टायरची एक कड दिसते. कुणी विचारल्याशिवाय मी ती दाखवत नाही. डायोरामात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल मी स्वतःला विचारतो की ती इथे कुणी आणि कधी ठेवली. उत्तर आले नाही तर वस्तू काढून टाकतो. आधी केलेला सुंदर पाण्याचा हातपंप असाच डब्यात गेला.

भिंतीवरच्या जाहिराती निवडताना काळ तपासा. आजिप ही इटलीची पेट्रोल कंपनी १९२६ ची, पण तिचा प्रसिद्ध सहा पायांचा कुत्रा १९५० च्या दशकातला. १९४४ च्या पेट्रोल पंपावर तो काढणे ही फार नेहमीची चूक आहे.

सैनिक किती ठेवावेत?

मी तीन माणसे ठेवली, त्यांत सैनिक दोनच. एक चालक बोनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी घालतो आहे, एक नाईक जीपमध्ये नकाशा पसरून बसला आहे, आणि गॅरेजवाला म्हातारा दारात उभा आहे, हातात पाना. सांगाडा तांब्याच्या तारेचा, वर एम-सील. कपड्याच्या चुण्या एम-सील अर्धवट घट्ट झाल्यावर ओल्या टूथपिकने दाबायच्या. नाईकाचे हेल्मेट पायाशी ठेवले, कारण मला त्याचे कपाळ दिसायला हवे होते. मेलेली माणसे दाखवावीत का असे विचारतात. मी दाखवत नाही. इटलीतल्या फोर्लीला भारतीय जवानांचे युद्धस्मशान आहे आणि तिथल्या नावांत आपल्याकडची आडनावे आहेत.

कोणत्या चुका महागात पडतात?

थर्माकोल किंवा फोमवर थेट स्प्रे पेंट मारला तर तो फोम खातो. फेविक्विकही खाते. आधी फेविकॉलचा हात द्या. फेविक्विक सुती कापडावर किंवा कापसावर सांडले तर ते चटका बसेल इतके तापते, म्हणून पुसायला कापूस घेऊ नका. सनबोर्ड घासताना तोंडाला मास्क, स्टायरीनचा द्रव गोंद वापरताना खिडकी उघडी. सनबोर्डला मेणबत्ती लावून वाकवू नका, त्याचा धूर वाईट.

पावसाळ्यात काम करावे का?

कोरीव काम, कौले, जीपची जोडणी खुशाल करा. रंग आणि पाया मात्र नको. दमट हवेत लॅकर रंगावर पांढुरकी साय येते आणि प्लायवूडचा पाया वाकतो. माझा पहिला पाया जुलैत केला होता. एकाच बाजूला रंग दिला, उघडी बाजू ओल पीत राहिली आणि ऑगस्टपर्यंत भिंत मधोमध तडकली. दुसऱ्या वेळी १२ मिमीच्या मरीन प्लायला दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना व्हार्निश दिले, दिवाळीनंतर भिंती चढवल्या. त्याला तीन पावसाळे झाले, केसभरही हललेला नाही.

खरे गवत, काड्या, मुळे वापरली असतील तर लावण्याआधी कडक उन्हात दोन दिवस वाळवा, नाहीतर पेटीत कसर आणि भुंगे होतात. पेटी अॅक्रिलिकची करा, खालच्या कडेला बारीक भोके ठेवा आणि मागच्या बाजूला सिलिका जेलची पुडी. ही पुडी जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये बदला.